प्रकरण अभ्यास: एका लग्नाचे सात वेंडर आणि त्यांच्यामधल्या जागा

लग्न पुण्यातलं, मे महिन्यातलं. मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटांचा, त्यानंतर पंगत, आणि संध्याकाळी त्याच कार्यालयाच्या लॉनवर ७ ते १० स्वागत समारंभ. दुपारी ४०० पानं, रात्री ६०० ताटं. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, कार्यालयाच्याच वरच्या छोट्या हॉलमध्ये. प्रकरण नमुन्याचं आहे: लग्नसराईत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एकाच लग्नात आणल्या आहेत आणि रकमा हिशेब कळावा म्हणून धरल्या आहेत. कायदा आणि वीज यांचे आकडे मात्र जसे आहेत तसेच.

वेंडर सात: कार्यालय, केटरर, डेकोरेटर, फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट, साउंडवाले आणि गुरुजी. गुरुजींना वेंडर म्हणणं कानाला खटकेल, पण दिवसाचं वेळापत्रक सर्वांत जास्त तेच ठरवतात, म्हणून त्यांना यादीत धरलंच पाहिजे.

मुलीकडच्यांनी निवड काळजीपूर्वक केली होती. प्रत्येकाशी बोलणं झालं होतं, कोटेशन घेतलं होतं, जुनी कामं पाहिली होती. सातही जणांनी आपापलं काम बरं केलं. तरीही तीन गोष्टी अडल्या, आणि तिन्ही अशा की ज्या कुणा एकाच्या कोटेशनमध्ये येतच नाहीत. एकाचं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, ती जागा कुणाची, हे कागदावर नव्हतं.

निवड: काय बरोबर झालं

डेकोरेटरची तीन कोटेशनं आली. पहिल्याचं १,१०,०००, दुसऱ्याचं १,६०,००० अधिक जीएसटी, तिसऱ्याचं २,१०,००० अधिक जीएसटी. घरात साहजिकच पहिल्याकडे कल होता. मग तिन्ही कोटेशनं एका कागदावर ओळीने मांडली: स्टेजचं माप, फुलं खरी की कापडी, लॉनची लाइट, प्रवेशद्वार, वाहतूक, हमाली, रात्री सामान काढणं, कर. पहिल्याच्या कोटेशनमध्ये फुलं कापडी होती. खरी हवीत तर २५,००० वर. लॉनची लाइट धरलेलीच नव्हती, तिचे २८,०००. वाहतूक आणि हमाली ८,०००. म्हणजे १,७१,०००. दुसऱ्याच्या १,६०,००० मध्ये हे सगळं होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,८८,८००. वरवर ७८,८०० चा दिसणारा फरक प्रत्यक्षात १७,८०० चा निघाला. दुसऱ्याला काम दिलं.

तिसऱ्याच्या कोटेशनमध्ये १८,००० ची एक ओळ होती: ६२.५ केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) जनरेटर, ऑपरेटरसह. 'कार्यालयात जनरेटर आहेच की,' म्हणून ती ओळ कुणी फारशी वाचली नाही. ती ओळ पुढे आठवणार होती.

कराबद्दल एक बारीक गोष्ट. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताही येत नाही. त्यामुळे कोटेशनमध्ये 'जीएसटी वेगळा' असं असेल, तर १५ अंकी नोंदणी क्रमांक मागायचा. साध्या पावतीपुस्तकावर कर आकारणारे भेटतात. डेकोरेशन आणि फोटोग्राफीला १८ टक्के, बाहेरून येणाऱ्या केटररला साधारणपणे ५ टक्के.

केटररची निवड चवीवर झाली, पण टेस्टिंगच्या चवीवर नाही. वीस ताटांसाठी रांधलेला मसालेभात आणि चारशे पानांसाठी रांधलेला मसालेभात यांत फार फरक असतो. म्हणून त्याच केटररच्या दुसऱ्या एका लग्नात, यजमानांना विचारून, शेवटच्या पंगतीच्या वेळी जाऊन पाहिलं. शेवटच्या पंगतीला भात गरम आहे का, अळूची भाजी पातळ केली आहे का, पुऱ्या तळणं चालू आहे की सकाळीच तळून ठेवल्यात, मठ्ठा आंबट झालाय का. पहिल्या पंगतीत कुणाचंही जेवण चांगलंच लागतं. शिवाय एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ अंकी क्रमांक, वाढपी किती, आणि बर्फ कुठला, हे तीन प्रश्न. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला महाराष्ट्रात २०१८ पासून निळा रंग देणं बंधनकारक आहे, तरी मे महिन्यात मठ्ठ्यात थेट बर्फ न टाकता पातेलं बर्फात ठेवावं, हे केटररला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सगळ्यांना विचारलेला आणि सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न एकच: 'त्या तारखेला तुमची एकूण कामं किती, आणि आमच्याकडे प्रत्यक्ष उभा कोण राहणार?' चांगल्या मुहूर्ताला डेकोरेटर तीन-तीन कामं घेतो, आणि ज्याच्याशी बोलणी झाली तो मालक त्या दिवशी तिसऱ्याच कार्यालयात असतो. इथे सुपरवायझरचं नाव आणि नंबर करारातच लिहून घेतला. फोटोग्राफरच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं, कारण इन्स्टाग्रामवरचे फोटो एकाने काढलेले आणि लग्नाला येणारा दुसराच, असं सर्रास होतं. त्याच्याकडून निवडक पन्नास फोटो पाहण्याऐवजी एका लग्नाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा पूर्ण संच मागून पाहिला. अंधाऱ्या हॉलमधले होमाचे फोटो आणि पंगतीतले फोटो कसे आलेत, यावर माणूस कळतो.

पहिली मधली जागा: हॉलचा ताबा

लग्नाच्या १२ दिवस आधी कार्यालयात एकत्र भेट ठरवली: व्यवस्थापक, डेकोरेटरचा सुपरवायझर, केटरर, साउंडवाला, फोटोग्राफर. मेकअप आर्टिस्ट फोनवर. अशी भेट अनेक घरांत होतच नाही, कारण प्रत्येक वेंडरशी वेगळं बोलणं झालेलं असतं आणि सगळं ठरलंय असं वाटत असतं.

दहाव्या मिनिटाला विषय निघाला. व्यवस्थापक म्हणाले, मोठ्या हॉलचा ताबा सकाळी ६ ला. सुपरवायझर म्हणाला, 'काका, आम्ही आदल्या संध्याकाळीच गाडी लावणार होतो, सीमांतपूजन आहे ना इथे?' सीमांतपूजन होतं, पण वरच्या हॉलमध्ये. खालचा मोठा हॉल त्या संध्याकाळी दुसऱ्या घरच्या रिसेप्शनला दिलेला होता, तो रिकामा व्हायला साडेदहा. पावतीवर दोन्ही हॉलांची नावं आणि वेळा स्वच्छ लिहिलेल्या होत्या. ती पावती डेकोरेटरने कधी पाहिलीच नव्हती. त्याला फक्त तारीख आणि पत्ता सांगितला होता.

स्टेजच्या सांगाड्याला तीन तास, कापड आणि लाइटला दीड तास, फुलांना दोन. एकूण साडेसहा. सकाळी ६ ला सुरू केलं तर साडेबारा, म्हणजे मुहूर्त टळून गेल्यावर स्टेज तयार. माणसं दुप्पट केली तरी वेळ निम्मी होत नाही, कारण सांगाडा उभा राहिल्याशिवाय कापड लागत नाही आणि कापड लागल्याशिवाय फुलं लागत नाहीत.

तोडगा असा निघाला. रात्री ११ ते पहाटे ३ डेकोरेटरला हॉलमध्ये प्रवेश, फक्त स्टेजच्या बाजूचे दिवे, ठोकाठोक नाही, त्यामुळे खिळ्यांच्या चौकटीऐवजी नट-बोल्टचा तयार सांगाडा. आदल्या पार्टीच्या डेकोरेटरशी बोलून त्याने घातलेला २४ बाय १६ फुटांचा लाकडी चौथरा तसाच ठेवायचा, वरचं कापड फक्त बदलायचं. एवढ्यानेच तासभर वाचला. फुलं गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पहाटे यायची आणि ६ ते ८ लागायची; मे महिन्यात रात्री लावलेला निशिगंध दुपारपर्यंत मान टाकतो, म्हणून तसंही फुलं सकाळीच लावणं बरं. रात्रपाळीच्या वॉचमनचे ३,००० द्यावे लागले. ते कुणी द्यायचे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून घरच्यांनी आणि डेकोरेटरने निम्मे-निम्मे उचलले.

त्याच भेटीत आणखी दोन गाठी सुटल्या. पहिली होमाची. गुरुजींच्या साहित्याच्या यादीत होमकुंड होतं, पण ते लाकडी चौथऱ्यावर, कापडावर ठेवलं जाणार होतं आणि वर डेकोरेटरची झालर. खाली पत्रा, त्यावर विटा आणि वाळू हवी, झालर त्या बाजूने उंच बांधलेली किंवा काढता येणारी हवी, आणि हॉल एसी असल्याने धुराचा अलार्म आणि जवळचे पंखे बंद करायला कार्यालयाचा माणूस हजर हवा. वाळू कोण आणणार? गुरुजींना वाटत होतं कार्यालय, कार्यालयाला वाटत होतं डेकोरेटर. पाट, चौरंग आणि समया कार्यालयाच्या, वाळू-विटा डेकोरेटरच्या, समिधा आणि तूप घरच्यांचं, असं लिहून टाकलं.

दुसरी मेकअपची. गौरीहर पूजन सव्वाआठला. नवरीचा मेकअप, केस आणि अष्टपुत्री नेसवणं मिळून दोन-सव्वादोन तास. कार्यालयाची खोली ६ ला मिळणार, म्हणजे आठ-सव्वाआठ वाजणारच, आणि त्यात घरच्या सहा बायकांना साड्या नेसवणं धरलेलंच नव्हतं. सहा जणींचे, प्रत्येकी वीस मिनिटं धरली तरी, दोन तास. मग नवरीचं सगळं घरी पहाटे ५ ला सुरू करायचं, साडेसातला निघायचं, आणि बायकांसाठी मदतनीस मुलगी साडेसातपासून कार्यालयात. हेही तिथेच कळलं की कोटेशन 'दोन लुक'चं आहे आणि नवरी साडी तीनदा बदलणार: गौरीहराला अष्टपुत्री, विधी झाल्यावर शालू, रात्री रिसेप्शनची. तिसऱ्याचे ४,००० ठरले. लग्नाच्या दिवशी खोलीचं दार लावून हा विषय निघाला असता तर त्याचा भाव वेगळा असता.

भेटीतून शेवटी एक कागद निघाला, व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना एकच प्रत गेली:

आदल्या रात्री ११ ते ३: स्टेजचा सांगाडा, कापड, लाइट
सकाळी ६: फुलं, केटरर भटारखान्यात
७:४५: साउंड तपासणी, गुरुजींचा कॉलर माइक, दोन जादा सेल
८:१५: गौरीहर
९ ते १०:३०: नाश्ता
१२:१७: मुहूर्त
१२:४५: पहिली पंगत
२ पर्यंत: लाजाहोम, सप्तपदी
३:३०: विहीण पंगत
४: लॉनचा निर्णय
७: स्वागत समारंभ
९:५५: साउंड बंद

चार वाजताचा 'लॉनचा निर्णय' म्हणजे वळवाच्या पावसाचा. आभाळ भरून आलं तर लॉनऐवजी हॉल. निर्णय घेणार एकच माणूस, नवरीचा मामा, आणि ४ नंतर बदल नाही, कारण त्यानंतर डेकोरेटरला सामान हलवायला वेळ उरत नाही. दहाच्या आत साउंड बंद करण्याचं कारण सर्वांना माहीत आहे: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही. ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करायचे दिवस राज्य सरकार ठरवतं, वर्षाला जास्तीत जास्त १५, आणि ते बहुतेक सणांना जातात. 'लग्नाला चालतं हो' असं सांगणाऱ्या साउंडवाल्याला नियम माहीत नसतो असं नाही. पोलीस आले तर बोलायला यजमान पुढे जाणार, हे त्याला माहीत असतं.

फोटोग्राफरने १२,००० मध्ये ड्रोन सुचवला होता, तो नाकारला. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर परिसर कोणत्या रंगात आहे ते आधी पाहावं लागतं, आणि पुण्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) असल्यामुळे 'पाच मिनिटं उडवून घेऊ' हा प्रकार महागात पडू शकतो.

दुसरी मधली जागा: लॉनचा बोर्ड

ही भेटीत निसटली. व्यवस्थापकांना विचारलं होतं, 'जनरेटर आहे ना?' ते 'आहे' म्हणाले, आणि ते खरंच होतं. ४० केव्हीएचा जनरेटर होता. विचारायला हवं होतं ते वेगळंच: लॉनवर वीज कुठून येते आणि किती येते?

लॉनला एक बोर्ड होता, ३२ अँपियर, थ्री फेज (विजेच्या तीन वेगळ्या वाहिन्या). म्हणजे प्रत्येक फेजला सुमारे ७.४ किलोवॅट, तिन्ही मिळून २२ च्या आसपास. आता मागणी पाहा. डेकोरेटरचे तीस एलईडी पार (रंगीत प्रकाशाचे दिवे) ४.५ किलोवॅट, झुंबरं आणि फोकस ४, साउंड ५, एलईडी स्क्रीन पूर्ण उजेडावर ६, केटररच्या चार हॉटप्लेट ८, कॉफी मशीन ३, जंबो कूलर ३. बेरीज साडेतेहतीस. प्रत्येक वेंडरला आपला आकडा माहीत होता, बेरीज कुणीच केली नव्हती. कुणाचं कामही नव्हतं ते.

सातला सगळं छान चाललं होतं, कारण हॉटप्लेट बंद होत्या. ७:४० ला बुफे उघडला, केटररच्या पोराने हॉटप्लेट आणि कॉफी मशीन सुरू केली, आणि एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, पडली. ती वर केली, पुन्हा पडली. जनरेटर सुरू झाला नाही, कारण महावितरणची वीज गेलीच नव्हती. शिवाय तो सुरू झाला असता तरी लॉनला वीज त्याच ३२ अँपियरच्या बोर्डातून येणार. भर म्हणजे साउंड, कॉफी आणि दोन हॉटप्लेट एकाच फेजवर होत्या, कारण त्यांची सॉकेटं जवळजवळ होती.

बारा मिनिटं लॉन अंधारात. साउंडवाल्याचा डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला आणखी तीन. तोवर डेकोरेटरच्या वायरमनने गोष्टी हलवल्या: कॉफी मशीन भटारखान्याच्या वेगळ्या लाइनवर, हॉटप्लेट काढून चेफिंग डिशखाली (खाणं गरम ठेवायची भांडी) पेटत्या जेलचे डबे, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर, साउंड दुसऱ्या फेजवर. भार वीसच्या आत आला आणि उरलेला समारंभ पार पडला. हा वायरमन तिथे होता कारण करारात 'समारंभ संपेपर्यंत एक वायरमन हजर' असं लिहिलेलं होतं. ते नसतं तर सुपरवायझर गाडीत बसून दुसऱ्या कामावर गेला असता.

तिसऱ्या कोटेशनमधला ६२.५ केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएमधला प्रत्यक्ष कामाला येणारा भाग) धरून ५० किलोवॅट देतो, आणि तो स्वतःचा वितरण बोर्ड घेऊन येतो. इथे १८,००० वाचले ते असे. दुसरा, फुकटचा उपाय म्हणजे सर्व वेंडरांकडून 'मी किती वॅट वापरणार' हे आधी मागून घेणं आणि खाणं गरम ठेवायला वीज न वापरण्याची अट केटररला घालणं. जेलचे डबे किंवा गॅस चालतो, फक्त अन्न ६० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

तिसरी मधली जागा: ताटांची मोजणी

दुपारच्या पंगतीत वाद झाला नाही. १२० जणांची बसायची सोय, ४०० पानं म्हणजे चार पंगती, एक पंगत चाळीस मिनिटांची आणि पुसून पुन्हा मांडायला दहा. पावणेएकला सुरू झालेलं जेवण चारच्या सुमारास आटोपलं. प्रत्येक पंगत बसली की घरच्या एकाने आणि केटररच्या माणसाने मिळून पानं मोजली, वहीत दोघांच्या सह्या. दर दहा-बारा पानांमागे एक वाढपी असला की आग्रहसुद्धा नीट होतो. वीस पानांमागे एक असेल तर श्रीखंड एकदा फिरतं आणि लोक उठतात. शिध्याचा अंदाज घरच्यांनाही असावा: दोन्ही भात मिळून माणशी ८० ते ९० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ४०० ला ३५ किलोच्या आसपास, श्रीखंड माणशी १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे ४५ किलो.

बुफेत भानगड झाली. हमीची ताटं (जेवणारे कमी आले तरी ज्यांचे पैसे द्यायचेच ती) ६००, दर ५५०. रात्री साडेदहाला केटरर म्हणाला ६६८ लागली. घरच्यांच्या अंदाजाने पाहुणे ६१० च्या वर नव्हते. केटररच्या आकड्याचा हमीपेक्षा फरक ६८ ताटांचा, ३७,४०० रुपयांचा, आणि सगळे दमलेले.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. केटररने ७५० ताटल्या मांडल्या होत्या, ८२ उरल्या. पण वापरलेली ताटली म्हणजे जेवलेला माणूस नव्हे. बुफेत गोड घ्यायला लोक नवी ताटली घेतात. फोटोग्राफरचे चार, साउंडचे तीन, डेकोरेटरची पोरं, बसचे ड्रायव्हर, कार्यालयाचा स्टाफ असे ३१ जण त्याच ताटल्यांत जेवले होते. या लोकांना जेवायला घालायचं हे ठरलं होतं; कोणत्या ताटलीत आणि कोणत्या दराने, हे ठरलं नव्हतं.

तडजोड ४० ताटांवर झाली, २२,००० रुपये. आधी चार ओळी लिहिल्या असत्या तर वेळच आली नसती: मोजणी ताटल्यांवर, बुफे उघडण्याआधी आणि संपल्यावर दोघांनी मिळून, गोडासाठी वेगळ्या वाट्या, वेंडरच्या माणसांचं जेवण वेगळ्या टेबलावर, साधा मेनू, निम्मा दर, हमीच्या १० टक्के वरपर्यंत तोच दर. केटररलाही हे सोयीचंच असतं, कारण त्याला शिधा हमीच्या आकड्यावर भरावा लागतो.

पैसे कसे दिले

केटररचं बिल दुपारचे १,८०,००० आणि रात्रीचे ३,३०,०००, मिळून ५,१०,०००, कर वेगळा. बुकिंगला २० टक्के, महिनाभर आधी ४०, आदल्या दिवशी ३०, मोजणीनंतर १०. केटरर आदल्या दिवशीपर्यंत बहुतेक रक्कम मागतो आणि ते रास्त आहे. किराणा आणि दूध तो रोखीने भरतो.

पण त्याला रोख द्यायची एक मर्यादा आहे. प्राप्तिकर कायद्यात २०१७ पासूनच्या तरतुदीनुसार एका व्यक्तीकडून एकाच समारंभासाठी २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, मग ती चार हप्त्यांत वेगवेगळ्या दिवशी घेतली तरी. दंड घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका. त्यामुळे 'एक-एक लाख वेगळे द्या' हा सल्ला उपयोगाचा नाही. इथे सगळं बँकेतून गेलं आणि त्यामुळे प्रत्येक हप्त्याचा पुरावाही राहिला. वाद विकोपाला गेला असता तर तोच कागद कामाला येतो: ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

फोटोग्राफरचे २० टक्के अल्बम हातात येईपर्यंत राखून ठेवले होते. त्याच्याशी दोन गोष्टी आधीच लिहिल्या होत्या. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. आणि फोटो त्याच्या जाहिरातीत वापरायचे तर विचारून. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला कॉपीराइट आपल्या देशात, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो; म्हणून फोटोग्राफरने दिलेल्या छापील करारात नेमकं हेच उलटं लिहिलंय का, हे वाचून सही करावी. अल्बमला उशीर झाला तो मात्र घरच्यांमुळे. १२ बाय ३६ इंचांच्या चाळीस शीटसाठी दोनशेच्या आत फोटो निवडायचे होते, यादी साडेतीन महिन्यांनी गेली आणि त्यात तीनशे वीस फोटो होते. वाढीव शीटचे पैसे पडलेच.

शेवटी राहिली कार्यालयाची अनामत, २५,०००. आठवड्याने परत मिळाली ती ६,००० कापून: लॉनच्या भिंतीला खिळे आणि चौथऱ्याजवळच्या फरशीवर चरा. काम डेकोरेटरच्या पोरांचं, पण डेकोरेटरचा हिशेब लग्नाच्या रात्रीच चुकता केलेला होता. सुपरवायझरने फोन उचलला, फोटो मागवले, आणि बऱ्याच बोलण्यानंतर ३,००० परत पाठवले. डेकोरेटरचे शेवटचे १० टक्के, इथे १८,८८०, कार्यालयाची अनामत परत आल्यावर द्यायचे, अशी अट बुकिंगच्या वेळी घातली तर डेकोरेटर ती सहसा मान्य करतो. लग्न झाल्यावर घालता येत नाही.